दीपस्तंभ कुठे होता

ही हकीकत कोणीही खरी मानणार नाही, आणि म्हणूनच ती चारचौघांत बेलाशक सांगता येते. खरं सांगायचं म्हणजे पुरावा लागतो, पुराव्याला शिक्का लागतो, आणि शिक्का त्या समोरच्या खिडकीच्या आत आहे. खिडकीवर ‘पाच मिनिटांत येते’ अशी पाटी लटकते आहे. म्हणजे वेळ भरपूर आहे. रांगेतल्या मंडळींनी पिशव्या खाली ठेवाव्यात, पाय मोकळे सोडावेत आणि ऐकावं. एवढी लांबलचक गोष्ट म्हटल्यावर तिच्यात एखादी थाप असायचीच. ज्याला सापडेल त्याने खुशाल तोंडावर सांगावी.

तर परमुलखात पाऊल टाकणाऱ्या माणसाची पहिली गरज निवारा ही नव्हे, आणि अन्न तर नव्हेच. त्याची पहिली गरज असते कोणाला तरी काहीतरी विचारण्याची. हे त्रिकालाबाधित सत्य ओळखून एका देशाने बाहेरून येणाऱ्यांच्या सोयीसाठी ‘नवागत मार्गदर्शन कक्ष’ स्थापन केला. (देश कोणता, ते विचारू नये. त्या देशाचं धोरणच असं आहे की विचारायचं असेल त्याने समक्ष यावं.) कक्ष तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या मागे, मोडक्या कपाटांच्या आड होता. कक्षाची पाटी आतल्या भिंतीवर लावलेली होती, कारण बाहेर लावली असती तर धुळीने खराब झाली असती. शोधत शोधत आलेला नवागत आत शिरला की त्याला पाटी दिसे, आणि आपण योग्य जागी पोचलो याचं समाधान त्याला मिळे. हे समाधान बाहेर पाटी लावून मिळालं नसतं.

कक्षाच्या एकुलत्या एक टेबलामागे माहितीकाका बसत. त्यांची नेमणूक फार विचारपूर्वक झाली होती. जन्मापासून ते शहराच्या वेशीबाहेर गेले नव्हते, त्यामुळे शहराची खडान्खडा माहिती त्यांना असणार हे उघड होतं. परदेशी माणूस त्यांनी तोवर जवळून पाहिलेला नव्हता, त्यामुळे परदेशी माणसांबद्दल मत कलुषित होण्याचाही प्रश्न नव्हता. असा निर्लेप तज्ज्ञ शोधून सापडत नाही. तो त्याच इमारतीत, एक मजला खाली, जावक विभागात पाकिटं चिकटवत बसलेला सापडला.

काकांनी रुजू होताच एक पुस्तिका लिहून काढली : ‘आपले स्वागत आहे (सुधारित)’. मूळ आवृत्ती कधी निघालीच नव्हती, पण सुधारित म्हटलं की वाचणाऱ्याला भरवसा वाटतो. मुखपृष्ठाच्या मागे लेखकाचा फोटो होता. आत देशात राहण्याविषयी उपयुक्त सूचना होत्या, त्यांतल्या काही इथे देणं अस्थानी होणार नाही :

पाच मिनिटे : हे वेळेचे परिमाण नसून धीर देण्याची पद्धत आहे.

‘या एकदा घरी’ : हे निरोपाचे वाक्य आहे. ऐकून हसावे व आपल्या घरी जावे.

रस्ता ओलांडणे : रस्त्यावरील पांढरे पट्टे पादचाऱ्यांसाठी आहेत, असे सर्व वाहनचालकांना कळविण्यात आलेले आहे. त्यांचे उत्तर अद्याप अप्राप्त आहे.

बसथांबा : पूर्वी जेथे बस थांबत असे त्या जागेचे स्मारक. येथे उभे राहण्यास हरकत नाही.

घरमालक : घरमालक मनाने चांगला असतो. याची प्रचिती घर सोडल्यानंतर येते.

पुस्तिकेचं सर्वत्र कौतुक झालं. बाहेरून आलेली माणसं ती वाचून एका आठवड्यात इतकी सरावली की भाजी घेताना न रागावता वाद घालू लागली आणि पांढऱ्या पट्ट्यांपासून लांब चालू लागली. एकच अडचण उरली, ती म्हणजे पत्ता.

त्या शहरात पत्ता सांगायची एक थोर परंपरा होती. समोर जे दिसतं ते सांगून पत्ता द्यायचा नाही. जे आहे ते आंधळ्यालाही चाचपता येतं, ते सांगण्यात कसला आलाय मोठेपणा? पत्ता सांगायचा तो जे आता नाही त्यावरून. पाण्याची टाकी, जळालेलं सिनेमागृह, रडक्या न्हाव्याचं दुकान, वळणावरचं मोठं झाड, यांच्या आधाराने सगळं शहर डावी-उजवीकडे वळत असे, आणि यातली एकही गोष्ट जागेवर नव्हती. रडका न्हावी तर हसत हसत दुसऱ्या गावी गेला होता.

एक परदेशी दंतवैद्य नुकता आला होता. दवाखान्यासाठी घेतलेली जागा शोधत त्याने एका औषधवाल्याला पत्ता विचारला.

“टाकीपासून डावीकडे,” औषधवाला म्हणाला.

“टाकी कुठे आहे?”

“टाकी? ती पाडली की हो. मी शाळेत होतो तेव्हा.”

“मग मी वळू कुठून?”

“टाकीपासूनच वळा. दुसरीकडून कुठून वळलात तर चुकाल.”

दंतवैद्य दिवसभर फिरला आणि जिथे पाय उचलेना तिथेच त्याने दवाखाना थाटला. तो काही वर्षं जोरात चालला. ‘दमलेल्या डॉक्टरपासून सरळ’ हा पुढे पत्ता झाला. अर्थात डॉक्टर तिथून हलल्यानंतर.

अशा प्रकरणांची संख्या वाढल्यावर कक्षाची बैठक झाली. बैठकीला साहेब आणि माहितीकाका असे सर्व अधिकारी हजर होते. रस्त्यांना नावाच्या पाट्या लावाव्यात, असा एक विचार चहाच्या आधी पुढे आला. साहेबांनी तो साधकबाधक चर्चेअंती फेटाळला. पाट्या लावल्या तर लोक वाचणार, वाचलं तर विचारणार नाहीत, आणि विचारलं नाही तर कक्ष कशासाठी? चहानंतर साहेबांनी स्वतःच तोडगा काढला. दोष शहराचा नाही. शहर आहे तसंच आहे, किंबहुना नाही तसंच आहे. दोष नवागताचा आहे, कारण त्याला काही आठवत नाही. सबब, त्याला आठवणी पुरवण्यात याव्यात.

अशा रीतीने ‘स्मरणवर्ग’ सुरू झाले. रोज संध्याकाळी नवागत बाकांवर बसत आणि माहितीकाका त्यांना नसलेलं शहर शिकवत. परीक्षेत शंभर गुण असत. साठ गुण ठिकाणांना. तीस गुण उसाशाला, कारण नुसतं ‘टाकीपासून डावीकडे’ म्हणणारा माणूस उपरा वाटतो. टाकी म्हटल्यावर क्षणभर थांबून उसासा टाकला की तो इथला होतो. उरलेले दहा गुण ‘आता पूर्वीचं राहिलं नाही’ हे वाक्य योग्य जागी घालण्याला. नवागत मंडळी मन लावून शिकली. महिना दोन महिन्यांत त्या शहरातले उत्तमोत्तम उसासे परदेशी माणसं टाकू लागली. इतकंच नव्हे, तर इथली तरणी पोरं पत्ता चुकली की परदेशी माणूस गाठून विचारू लागली. कक्षाच्या पाहणीनुसार हरवणाऱ्या नवागतांचं प्रमाण शून्यावर आलं. हरवणाऱ्या मूळ रहिवाशांचं प्रमाण मोजता आलं नाही, कारण पाहणीला गेलेला कर्मचारी मूळ रहिवासी होता आणि तो अजून परतलेला नाही.

वर्गासाठी काकांनी एक नकाशा तयार केला. शहरात जे जे नव्हतं ते सगळं त्यात होतं. साहेबांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि वरच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“इथे काय नाही?”

“इथे काहीच नाही, साहेब.”

“ते मलाही दिसतंय. पण काय नाही ते लिहायला नको? सरकारी नकाशात रिकामी जागा सोडली की तिथे अतिक्रमण होतं. संध्याकाळच्या आत भरा.”

काकांनी खूप डोकं खाजवलं. त्या कोपऱ्यात पूर्वी माळ होता, त्याच्या आधी माळ होता, आणि आता तिथे वस्ती होती. टेबलावर साहेबांची काडेपेटी पडली होती. तिच्यावर दीपस्तंभाचं चित्र होतं. काकांनी पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात एक देखणा दीपस्तंभ उभा केला. समुद्र त्या शहरापासून इतका लांब होता की निम्म्या लोकांनी तो फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. पण साहेबांनी समुद्राबद्दल काही विचारलं नाही. कोपरा भरला होता. सही झाली.

पुढे जे झालं त्यात काकांचा काही दोष नाही. पहिल्या वर्षी दीपस्तंभ फक्त नवागतांना आठवत होता. मग तो त्यांच्या शेजाऱ्यांना आठवू लागला, कारण बाहेरून आलेल्या माणसाला आठवतं आणि आपल्याला नाही, हे कोणाला कबूल होणार? तिसऱ्या वर्षी दीपस्तंभाच्या उजेडात अभ्यास करून मोठे झालेले एक नामांकित वकील निघाले. पाठोपाठ दीपस्तंभ कोणी पाडला यावरून दोन वस्त्यांत जुंपली, आणि तो मुळात आमच्याच बाजूला होता असं दोघींचं म्हणणं पडलं. तेव्हा साहेबांनी दोन्ही बाजूंचा मान राखून नकाशाच्या नव्या आवृत्तीत दीपस्तंभ बरोबर मध्यावर हलवला. मध्यावर एक लाँड्री होती. लाँड्रीवाल्याने कुरकुर न करता दुकानाच्या मधोमध जागा सोडली आणि बाहेर पाटी लावली : ‘दीपस्तंभ येथे होता. इस्त्रीचे कपडे मागच्या दाराने.’

फक्त माहितीकाकांना त्या लाँड्रीवरून जाताना दरवेळी वाटे की कोपऱ्यात तो जास्त शोभत होता.

आता घरचं. काकांचा एकुलता एक मुलगा शिकायला बाहेर गेला होता, तो येताना बायको घेऊन आला. काकूंनी दार उघडलं, सुनेला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “किती गं वाळलीस. तिकडे जेवायला देत नाहीत का?”

सून इथली भाषा शिकली होती ती नवऱ्याकडून नव्हे. नवरा आपल्या भाषेत फक्त भांडायचा. ती शिकली सासऱ्यांच्या पुस्तिकेवरून. तिने नम्रपणे उत्तर दिलं, “आई, सदर बाबतीत तिकडील व्यवस्था समाधानकारक आहे. तथापि आपल्या हातचे जेवण घेण्यास मी इच्छुक आहे.”

काकूंना आधी वाटलं की पोरगी टोमणा मारते आहे. टोमणा नाही हे कळल्यावर त्या जराशा हिरमुसल्या. पण पंधरा दिवसांत दोघींचं मेतकूट जमलं. सून पुस्तिकेबाहेर पाऊल टाकत नसे. शेजारीण एकदा म्हणाली, “या हं कधी घरी,” तर सून गोड हसली आणि आपल्या घरी आली. शेजारीण सगळ्या मजल्यावर सांगत सुटली, “फार गुणाची पोर आहे. बोलावलं तरी येत नाही.”

सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं, तेवढ्यात परवान्याचा प्रश्न आला. सुनेला देशात कायम राहायचं तर स्मरणपरीक्षा द्यावी लागणार होती, आणि त्याची कोणालाच काळजी नव्हती. तिचा उसासा ऐकून भाजीवाल्याने डोळे पुसले होते. काळजी होती ती नव्या नियमाची. परके येऊन आम्हाला आमचं शहर शिकवतात, अशी ओरड झाल्यावर कक्षाने नियम केला होता की नवागताला घरात ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यानेही हमीदार म्हणून तीच परीक्षा द्यावी. घरातल्या माणसालाच आठवण नसेल तर नवागतावर काय संस्कार होणार? नियमाचा मसुदा माहितीकाकांनीच केला होता. त्यात ‘सबब’ हा शब्द तीनदा आल्याबद्दल साहेबांनी त्यांची पाठही थोपटली होती. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. पण तो तीन प्रतींत टंकलिखित करून घेणारा एखादाच.

“बाबा, स्पष्ट सांगतो,” मुलगा म्हणाला. “महिनाअखेरपर्यंत परवाना नाही झाला तर हिला परत जावं लागेल. ही गेली की मीही जाईन. तिकडे घरांना नंबर असतात.”

“नंबर तुरुंगातही असतात,” काका म्हणाले.

काकू वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी हातातला टॉवेल तसाच खाली ठेवला.

“अहो, ऐका. पोरगा गेला की या घरात उरणार कोण? तुम्ही आणि मी. आणि तुमच्याशी इतकी वर्षं भांडून झालंय की आता त्यात काही राम उरलेला नाही. मला माझी सून इथे पाहिजे. जा आणि पास होऊन या.”

दुसऱ्या दिवसापासून सुनेने सासऱ्यांची शिकवणी घेतली. गॅलरीत दोरीवर कपडे, खाली काकांसाठी स्टूल, आणि समोर नवी आवृत्ती हातात घेऊन सून.

“बाबा, दीपस्तंभ कोठे होता?”

“कुठेच नव्हता.”

“बाबा.”

“अगं, पण मीच तो काडेपेटीवरून...”

“बाबा, सत्य या विषयाला गुण नाहीत.”

“लाँड्रीत,” काका म्हणाले.

“आणि उसासा?”

काकांनी उसासा टाकला.

“हा दमा झाला. उसासा पोटातून अपेक्षित आहे. काहीतरी गेलेले आहे असे वाटले पाहिजे.”

“माझं काय गेलंय?”

 सुनेने फक्त आत पाहिलं. आत मुलगा कपाट उघडून, काय न्यायचं आणि काय ठेवायचं, ते वेगळं करत होता. लहानपणीचा एक स्वेटर त्याने न्यायच्या गठ्ठ्यावर ठेवला, मग उचलून ठेवायच्या गठ्ठ्यावर ठेवला. काकांच्या पोटातून असा उसासा आला की खालच्या रस्त्याने जाणारा पोस्टमन थांबून वर बघू लागला.

“उत्तम,” सून हळूच म्हणाली. “हाच परीक्षेपर्यंत जपून ठेवावा.”

परीक्षेच्या दिवशी काका परवान्याच्या खिडकीसमोर उभे राहिले. खिडकीतल्या बाई परीक्षकही त्याच, शिक्काही त्यांच्याच हातात. टाकी झाली, सिनेमागृह झालं, रडक्या न्हाव्याला तर काकांनी असा काही उसासा टाकला की बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले. ‘आता पूर्वीचं राहिलं नाही’ हेही अगदी जागच्या जागी बसलं. मागे सून उभी होती, तिने श्वास सोडला. एकच प्रश्न उरला होता.

“दीपस्तंभ कुठे होता?” बाईंनी विचारलं, आणि माणूस चांगला वाटला म्हणून वर पदरचं घातलं, “नीट सांगा हं. काही लोक अजून जुन्या नकाशातला कोपराच सांगतात. कोणा अडाण्याने तो तिकडे नेऊन ठेवला होता देव जाणे.”

आता माणूस काय वाटेल ते सोसतो. पगारवाढ अडली, सोसतो. बढती हुकली, सोसतो. पण आयुष्यात एकच गोष्ट देखणी झालेली असावी आणि तिलाच कोणी नावं ठेवावीत, हे सोसायला संतच लागतो. काका संत नव्हते, सरकारी नोकर होते.

“अडाणी कोण?” ते म्हणाले. “काय वाईट होता तो कोपऱ्यात? लाँड्रीत, इस्त्रीच्या वाफेत, दीपस्तंभ असतो का कधी? मी स्वतः उभा केलाय तो, पेन्सिलीने, काडेपेटीवर बघून. दीपस्तंभ नव्हताच मुळी. आणि नव्हता तो तिकडे कोपऱ्यात नव्हता, लाँड्रीत नव्हे.”

सुनेने डोळे मिटून घेतले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “नव्हता म्हणता? आमच्या आत्याचं लग्न ठरलं ते त्याच्या पायऱ्यांवर. तुम्ही मूळचे कुठले हो?”

“इथलाच.”

“इथल्या माणसाला दीपस्तंभ आठवत नाही?”

 बाईंनी लिहिलं : आठवण नाही, सबब नवागत. मग त्यांनी फळीवरून एक पुस्तिका काढून खिडकीतून बाहेर सरकवली. ‘आपले स्वागत आहे (सुधारित)’. सरकवता सरकवता मुखपृष्ठ उलटलं आणि त्यांना मागचा फोटो दिसला. त्यांनी फोटोकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

“यांचं वाचत जा,” त्या कळकळीने म्हणाल्या. “पुष्कळ शिकाल.”

नवागत माणूस दुसऱ्या नवागताचा हमीदार होऊ शकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. सुनेचा परवाना अडला. घरी येऊन मुलाने माळ्यावरची सुटकेस काढायला स्टूल मागितलं. काकू स्टुलावर बसल्या होत्या.

“आई, ऊठ.”

“नेशील तर माझ्यासकट ने. तसाही माझा सुटकेसपर्यंत हात पोचत नाही.”

“अगं, असं किती वेळ बसशील?”

“पाच मिनिटं,” काकू म्हणाल्या. त्यांनीही पुस्तिका वाचली होती.

काका दुसऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. वेशीबाहेर एकदाही न गेलेला माणूस स्वतःच्या घरात परदेशी झाला होता, आणि त्यांना स्वतःचीच पुस्तिका वाचून समजत होतं की घरमालक मनाने चांगला असतो. सून त्यांच्याजवळ आली.

“बाबा, पुस्तिकेत लिहिलेले आहे की नवागताला हमीदार लागतो.”

“माहीत आहे. मीच लिहिलंय.”

“हमीदार कोण, तर ज्याला शहर आठवते तो. मला आठवते.”

काकांनी मान वर केली.

“मी तुमची हमी घेते,” सून म्हणाली. “तुम्ही आजपासून माझ्या जबाबदारीवर या देशात राहा.”

कल्पना बिनतोड होती. सुनेने हमी दिली की काका मूळ रहिवासी होणार, आणि काका मूळ रहिवासी झाले की सुनेची हमी देणार. दोघं खिडकीवर गेले. बाईंनी दोन्ही कागद समोर ठेवून बराच विचार केला. अडचण क्रमाची होती. सुनेला शिक्का मिळाल्याशिवाय ती कायम होत नाही, कायम झाल्याशिवाय तिची हमी चालत नाही, तिची हमी चालल्याशिवाय सासऱ्यांना शिक्का नाही, आणि सासऱ्यांना शिक्का नाही तोवर सुनेला नाही. म्हणजे दोन्ही शिक्के एकाच क्षणी उमटायला हवेत. शिक्का मात्र एकच. दुसरा मागवता येतो, पण मागणीपत्रावर पहिल्या शिक्क्याबरोबर दुसऱ्याचीही मोहर लागते.

साहेब आले. साहेबांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून एकच शिक्का खूप जोरात मारून पाहावा, अशी सूचना केली. वरचा कागद फाटला. नवा कागद भरून आणायला सांगून साहेब बैठकीला गेले.

काका खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभे राहिले. सुनेने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. बाई उठल्या नाहीत. त्यांनी खिडकी बंद केली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, काकांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “बसा हो, तुम्ही दोघंही बसा. चूक आमची आहे. तुम्हाला उगाच त्रास झाला...”

“थाप,” रांगेतून आवाज आला.

गोष्ट सांगणारा म्हातारा थांबला. चार माणसं सोडून, जाळीच्या पिशवीत डबा घेतलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी हातही वर केला होता.

“कोणती म्हणता? दीपस्तंभाची?” म्हाताऱ्याने विचारलं.

“दीपस्तंभाचं नाव काढू नका. आमच्या वडिलांनी पाहिलाय तो.” गृहस्थांनी उसासा टाकला. पोटातून होता. “आता काय हो, पूर्वीचं राहिलं नाही.”

“मग सुनेने सासऱ्याची हमी घेतली, ती?”

“त्यात काय? आमच्या वाडवडिलांच्या घराची हमी भाडेकरूने घेतली आहे. कागद नीट असला की होतं.”

“राहत्या माणसाला नवागत ठरवलं, ते?”

“आमच्या मेहुण्याला तर मयत ठरवलंय. तो आपला रोज नोकरीला जातो.”

“उसाशाला तीस गुण?”

“कमीच आहेत,” रांगेतल्या एका बाई मध्येच म्हणाल्या, आणि दोघातिघांनी माना डोलावल्या.

“मग थाप कोणती?”

“खिडकीतली बाई जेवायच्या सुट्टीत बसून राहते, आणि वर म्हणते चूक आमची आहे,” गृहस्थ म्हणाले. “सांगायचं म्हणून काहीही सांगता राव. आम्ही काय परदेशातून आलोय?”

रांग पोट धरधरून हसली. म्हाताऱ्याच्या शेजारी, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली एक बाई तेवढी हसली नाही. तोंडवळ्यावरून ती बाहेरची वाटत होती, बोलण्यावरून आता मुळीच नाही.

“तेवढं वाक्य गाळा म्हणून घरून निघतानाच सांगितलं होतं ना, बाबा?” ती म्हणाली. “आई तिकडे स्टुलावर ताटकळत बसल्यात, आणि तुम्ही इथे भलतंसलतं सांगत बसलाय. अशाने उद्या लोक दीपस्तंभावरही संशय घेतील.”